पाण्यातला सूर्य

चष्मेवाल्यासमोर बसला की माणूस खोटं बोलतो. डॉक्टरला तो दुखणं वाढवून सांगतो, आम्हाला कमी करून. वसईच्या बाजारात माझं दुकान होतं, तिथे आठवड्यातून एखादा तरी असा यायचा, की मी तक्त्यावर काठी ठेवायच्या आत शेवटची ओळ घडाघडा म्हणून मोकळा. बाहेर बाकड्यावर पाळी येईपर्यंत बसून पाठ केलेली असायची. एका ड्रायव्हरने तर ओळ बिनचूक म्हटली, फक्त ती आदल्या दिवशीच्या तक्त्यावरची होती. तक्ता मी त्याच सकाळी बदलला होता. मी त्याला चहा पाजला आणि पुन्हा बसवला. डोळा अधू झालाय हे कबूल करणं माणसाला इतकं जड का जातं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

दुकान बंद केलं त्यालाही आता काळ लोटला. अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा गमतीजमतीच लिहायच्या असं ठरवलं होतं. कपाळावर चढवलेला चष्मा शोधत दुकानात आलेले आजोबा, नवऱ्याला शेजारचं फार स्पष्ट दिसतं तेव्हा त्याचा नंबर जरा उतरवून द्या म्हणणारी बाई, असे नमुने माझ्याकडे ढिगाने आहेत. पण लिहायला बसलो की गाडी एकाच जागी येऊन अडते. तेव्हा ती जागाच लिहून काढतो. त्यात सूर्य आहे, बुध आहे आणि माझा थोरला भाऊ आहे.

आधी धंद्याचं थोडं सांगायला हवं. डोळ्यात पुढे भिंग असतं आणि मागे पडदा. समोरच्या वस्तूचं चित्र त्या पडद्यावर नेमकं उमटलं की आपल्याला दिसलं. ते पडद्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडायला लागलं की धूसर होतं, मग आम्ही काच लावून त्याला जागेवर आणतो. नंबर नंबर म्हणतात तो म्हणजे काच उजेडाला किती वाकवते त्याचं माप. लोक आम्हाला नजर देणारे समजतात आणि आम्हीही ते खोडून काढत नाही, धंद्याला बरं असतं. पण पडदाच जळला असेल तर चष्मेवाल्याच्या पेटीतली एकही काच उपयोगाची नाही.

या धंद्यातून मी सूर्याच्या नादी लागलो तो इनासमास्तरांमुळे. हे नंदाखाल गावचे, शाळेत विज्ञान शिकवायचे, घरची केळीची वाडी. वाचायचा चष्मा न्यायला आले आणि वर अर्ध्या नंबरची न कापलेली काच मागायला लागले. फ्रेममध्ये बसवायच्या आधी चष्म्याची काच चांगली बशीएवढी गोल असते. अर्ध्या नंबरची काच सूर्याचा उजेड दोन मीटरवर गोळा करते हे मला ठाऊक होतं, पण म्हणजे तिची दुर्बीण होऊ शकते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांनी पत्र्याची लांब नळी करून आणली, मी एका टोकाला ती काच बसवली आणि दुसऱ्या टोकाला एक जाड, बुटकं भिंग. दिसायला ती दुर्बीण कमी आणि पागोळीचा पन्हळ जास्त होती. माझी बायको तिला पन्हळच म्हणायची.

त्या पन्हळातून आम्ही बुधाला सूर्यावरून जाताना पहिल्यांदा पाहिलं ते १९७३ सालच्या नोव्हेंबरात, राजोडीच्या किनाऱ्यावर. बुध हा सूर्याच्या सगळ्यात जवळचा ग्रह. तो फिरता फिरता कधीतरी सूर्याच्या आणि आपल्या बरोबर मध्ये येतो, आणि मग त्याचा काळा ठिपका सूर्याच्या तबकडीवरून संथपणे सरकताना दिसतो. शंभर वर्षांत तेरा-चौदा वेळा हे घडतं, त्यातलं निम्मं आपल्याकडे रात्र असताना.

तो बघायचा कसा, ते नीट सांगतो. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. दुर्बिणीतून आलेला सूर्य मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचा आणि पुठ्ठा बघायचा. नळी सूर्याकडे वळवतानासुद्धा नळीवरून नेम धरायचा नाही, जमिनीवर तिची सावली बघायची. सावली आखडत आखडत नुसती गोल उरली की नेम लागला. नळीच्या तोंडाला पुठ्ठ्याची चकती लावून भोक लहान ठेवायचं, नाहीतर मागचं भिंग तापून तडकतं. सूर्य पुठ्ठ्यावरून सारखा पळत असतो, कारण पृथ्वी फिरत असते, तेव्हा एकाने नळी हळूहळू ढकलत राहायचं. ठिपका बुधाचा की काचेवरच्या धुळीचा अशी शंका आली तर मागचं भिंग फिरवायचं. धूळ भिंगाबरोबर फिरते, बुध जागचा हलत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुर्बिणीच्या मागच्या टोकाशी एक माणूस बसवायचा. त्याने ग्रह बघायचा नाही की सूर्य बघायचा नाही. कुणी वाकून भिंगाला डोळा लावत नाही ना, एवढंच त्याने बघायचं.

राजोडीला ते काम माझ्याकडे होतं. सूर्य समुद्राला टेकायला आला, लाल झाला, तरी ठिपका त्याच्यावर होताच. एक म्हातारा मच्छीमार दुपारपासून आमच्याबरोबर उभा होता. तो म्हणाला, "आता तं गार झाला ना तो. आता लावू दे डोळा." मास्तरांनी नळीचं तोंड टोपीने झाकलं. म्हातारा रागावून निघून गेला. त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा, लाल सूर्य डोळ्याला खरोखरच गार वाटतो.

आता दादाबद्दल. माझा थोरला भाऊ काशिनाथ, त्याला मी दादा म्हणायचो, खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होता. आमचं घरच मिठागराचं. मी मुंबईला काच घासायचं शिकायला गेलो तो दादाच्या हट्टाने, त्याने मला आगरात पाय ठेवू दिला नाही. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, जाड झालं की पुढच्या वाफ्यात सोडायचं, तळाशी मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने काठाला ओढायचं, हे त्याचं काम. थंडी सुरू झाल्यापासून पाऊस येईपर्यंत सुट्टी नाही. पाण्याचा रंग आणि चमक बघून ते किती आटलंय हे तो सांगायचा, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याची बायको हिरावहिनी. आमची आई गेली तेव्हा मी शाळकरी होतो, मला तिनेच वाढवलं. सगळ्या आळीत तिचा शब्द चालायचा. लेकराला कफ झाला, कुणाला कुठल्या दिवशी काय करावं कळेना, लग्नात काहीतरी विसरलं, की लोक हिरावहिनीच्या दारात. तिला सांगायला आवडायचंही. कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची, आणि दादा तिला त्यावरून चिडवायचा, की आकाशवाणी तरी दुपारी जरा बंद असते.

१९८० सालच्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण आलं. आमच्या बाजूला ते खग्रास नव्हतं, पण सूर्याची कोर उरेल इतकं होतं. आठवडाभर दुकानात काळ्या गॉगलसाठी रांग लागली होती. गॉगल लावून ग्रहण बघता येत नाही असं मी पुठ्ठ्यावर लिहून टांगलं आणि गॉगलचं कपाट बंद ठेवलं. त्या दिवशी आमच्या गावात दारं-खिडक्या लागलेल्या होत्या. पण दादाला आगर सोडता येईना, वाफे भरलेले होते. तो सकाळी निघाला तेव्हा वहिनीने बजावलं, वर बघू नका, बघायचंच झालं तर पाण्यात बघा. ही काही तिच्या मनची गोष्ट नव्हती. ग्रहण पाण्यात बघायचं, परातीत पाणी घ्यायचं, त्यात हळद टाकायची, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. आणि दादाच्या समोर तर नजर पोचेल तिथवर पाणीच होतं.

दुपारी वारा पडला. वाफ्यातलं जाड पाणी हललंही नाही. दादा बांधावर उकिडवा बसला आणि पाण्यातला सूर्य कोरीएवढा होताना आणि परत भरताना बघत राहिला, ग्रहण सुटेपर्यंत. पुढे त्यानेच मला सांगितलं, की इतकी सुंदर गोष्ट त्याने आगरात कधी पाहिली नव्हती. ग्रहणातला सूर्य दिपवत नाही, म्हणून पापणी आपणहून मिटत नाही. सूर्य डोक्यावर असला की पाणी थोडाच उजेड परत देतं. तो कलायला लागला की तेच पाणी जास्त जास्त उजेड डोळ्यात फेकतं, आणि ग्रहण सुटेपर्यंत ऊन चांगलं तिरपं झालं होतं. डोळ्याच्या पडद्याला वेदना नसते. असती तर दादा उठला असता.

काही दिवसांनी तो दुकानात आला आणि म्हणाला, नंबर काढ. मी त्याला खुर्चीत बसवलं. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं. तो म्हणाला, तक्ता दिसतो, वरचा खिळा दिसतो, मध्ये काय आहे ते दिसत नाही. मी एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. एकामागून एक काचा लावत गेलो. खरं तर मला पहिल्या काचेलाच कळलं होतं, पण हात थांबेना. शेवटी त्यानेच माझं मनगट धरून खाली घेतलं.

"जनू," तो म्हणाला, "तुजे कान दिसतात मना. तोंड नाय दिसत."

दुसऱ्या दिवशी त्याला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. दोन्ही डोळ्यांत पडद्याच्या बरोबर मध्ये जळलं होतं, जिथून आपण अक्षरं वाचतो आणि माणसं ओळखतो तिथे. काहींचं थोडंफार भरून येतं, वाट बघा, म्हणाले. कशातून बघितलं असं त्यांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, पाण्यात. डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेऊन उजेडाचं ते तिरपं गणित समजावून सांगितलं. दादाचे कान शाबूत होते. त्याने सगळं ऐकलं.

परतताना आम्ही बाजारापासून घरापर्यंत चालत गेलो. गाव दिसायला लागल्यावर तो थांबला आणि म्हणाला, घरी सांगायचं नाही. मी वाद घातला. लपणार कसं, आगरात कसं करशील, वहिनीला तरी सांग. 

"पान्यात बगा म्हनून तिनंच सांगितलेलं ना," तो म्हणाला. "तिला कळलं, की ती सोताला कदी माफ करायची नाय. तू मना शब्द दे."

मी शब्द दिला. त्याला वाचायचा चष्मा करून दिला. चाळिशी लागलेलीच होती, त्यामुळे नंबर तसा खरा होता. घरी त्याने सांगितलं की नजर जरा कमजोर झालीय, जनूने चष्मा दिलाय, आता ठीक आहे. माझ्या दुकानातून बाहेर गेलेला सगळ्यात निरुपयोगी चष्मा तो, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाने इतक्या निष्ठेने चष्मा वापरला नाही. रोज सकाळी धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि चढवायचा.

भरून काही आलं नाही. पण कडेचं सगळं शाबूत होतं, त्यामुळे तो चालायचा, बांधावरून जायचा, मीठ ओढायचा. माणसं आवाजावरून आणि चालीवरून ओळखायचा. पाण्याची चमक मात्र त्याला सांगता येईना. मग तो बोट बुडवून चाखायचा आणि लोकांना सांगायचा, हीच जुनी खरी रीत. एखादी गोष्ट बघायचीच असली तर तिच्या जरा बाजूला नजर ठेवायचा, म्हणजे तिचं चित्र न जळलेल्या जागी पडायचं. असं बघून नाकडोळे दिसत नाहीत, पण तोंडाचा गोल, कुंकवाचा लाल डाग, केसांचा भांग एवढं कळतं. हे त्याचं त्यानेच शोधून काढलं होतं.

आणि इथेच त्याच्या संसारात माती पडायला लागली. वहिनीला बघायचं तर त्याला तिच्या खांद्यापलीकडे दाराकडे बघावं लागायचं. ती बोलत असायची आणि हा दाराकडे बघत हं हं करायचा. एकदा तिच्या कपाळाला हातपंपाचा दांडा लागला, चांगली खोक पडली, पट्टी बांधली. दादाला ती पदराची कड वाटली असणार, तो दोन दिवस त्यावर चकार शब्द बोलला नाही. वहिनी माझ्या बायकोपाशी येऊन रडली. म्हणाली, "माज्याशी बोलतात नि बगतात दाराकडं. मी आता बगन्यासारकी रायले नाय." बायकोने मला येऊन सांगितलं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी रविवारी त्यांच्याकडे जाऊन वहिनीच्या हातचं जेवत होतो. दादाला म्हटलं, अरे, तिला काय वाटतं ते तरी बघ. तो म्हणाला, राग आहे तोवर बरं आहे, राग माणसाला मारत नाही.

अशी सहाएक वर्षं गेली. १९८६ सालच्या नोव्हेंबरात बुध पुन्हा सूर्यावरून जाणार होता, तोही सकाळी, आपल्या हद्दीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इनासमास्तर खुशीत होते. वसईच्या बाजारात सकाळचं ऊन गल्लीत उतरतच नाही. आमच्या गावच्या घराचं अंगण मात्र पूर्वेला, पुढे नुसती खाजणाची पाणथळ जमीन आणि मिठागर. तिथेच बघायचं ठरलं. भिंगाशी राखणीला कुणाला बसवायचं हा प्रश्न निघाला तेव्हा दादा आपणहून म्हणाला, मला बसव, मला काही बघायचंच नाही. मास्तर हसले. त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, तुळशीची लग्नं लागायचे दिवस होते. सकाळी अंगण भरलं. आम्ही नळी तिपाईवर चढवली, सावली गोल केली, पुठ्ठ्यावर ताटलीएवढा सूर्य पाडला. त्याच्या काठाला आधी बारीक खाच पडली आणि मग ठिपका सुटून आत आला. मोहरीहून लहान. कुणीतरी मागून म्हणालं, एवढ्यासाठी आंघोळ उरकून आलो काय. पण मास्तर बोलायला लागले, की तो ठिपका म्हणजे एक अख्खा ग्रह आहे आणि त्याच्यामागे केवढा सूर्य आहे, तशी माणसं गप्प होऊन पुठ्ठ्याकडे वाकायला लागली. दादा स्टुलावर भिंगाला पाठ करून बसला होता. दोघा-तिघांनी डोळा लावायचा प्रयत्न केला, त्यांना त्याने नुसता हात आडवा करून परतवलं. चष्मा लावलेला, मान ताठ, आवाजावरून एकेकाला नावाने हाक मारणारा. मला तो त्या दिवशी फार देखणा दिसला होता.

बायका मागे उभ्या होत्या. पुरुषांच्या गर्दीतून पुठ्ठ्यापर्यंत त्यांना पोचता येईना. मी नळी ढकलण्यात गुंतलेलो. वहिनीला त्यांचं वाईट वाटलं आणि ती घरात गेली. मोठी पितळी परात भरून आणून तिने उन्हात ठेवली, चिमूटभर हळद टाकली आणि बायकांना म्हणाली, या गो, इथे बघा, पाण्यात काही होत नाही. बुध असा नुसत्या डोळ्याला दिसतच नाही, परातीत तर मुळीच नाही. दिसत नाही म्हणून त्या आणखी निरखून, आणखी वेळ बघत बसल्या असत्या. सगळ्यात पुढे दादाची सून मंदा, लग्न होऊन वर्ष झालेली, परातीवर वाकली होती.

दादाला ती परात कशी कळली, ते मी नंतर विचारलं. म्हणाला, डोळ्याच्या कडेला चमक हलली आणि तिचा आवाज ऐकला. तो उठला. उठण्याआधी डोक्यावरची टोपी काढून त्याने भिंगावर घातली, एवढं भान त्याला होतं. मग माणसांना बाजूला सारत गेला आणि परात पायाने उलटी केली. हळदीचं पाणी अंगणभर झालं. सणासुदीचे दिवस, आणि भरली परात लाथेने उडवलेली.

"अवो, काय केलंत?" वहिनी म्हणाली. "वर नाय बगत त्या. पान्यात बगतात. तुमाला पन मी तेच सांगितलेलं ना."

"हां," दादा म्हणाला. "नि मी तेच केलं."

वहिनीला समजलं नव्हतं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"माजे डोळे पान्यात बगूनच गेले. मंदा, तू घरात जा."

वहिनी माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, भावजी, त्यांना तुम्ही चष्मा दिलाय ना. मी खाली नळीच्या सावलीकडे बघायला लागलो. तिने तेवढ्यावरून ओळखलं. जी बाई चारचौघांत नवऱ्याच्या जवळ उभी राहायची नाही ती त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मी दिसते ना?"

दादाने नजर तिच्या खांद्यापलीकडे दाराकडे नेली. "दिसतेस. तोंड नाय दिसत."

"म्हंजे तुमी दाराकडं बगायचे ते…"

"तुज्याकडंच बगत व्हतो."

ती खाली बसली आणि सांडलेलं हळदीचं पाणी पदराने टिपायला लागली. कोरड्या मातीत ते केव्हाच जिरलं होतं, तरी ती टिपत होती. मी मास्तरांच्या हातात नळी दिली आणि तिला धरून आत नेलं.

बुध सूर्यावरून बाहेर पडला तेव्हा अंगणात टाळ्या वाजल्या. मी स्वयंपाकघरात होतो. मी वहिनीला सांगत होतो, की यात तुझी काही चूक नाही, ही रीत शेकडो वर्षांची, सूर्य डोक्यावर असताना बघितलं असतं तर कदाचित काही झालं नसतं, तिरपं ऊन पाण्यावरून कसं परततं, अमकं आणि तमकं. मी तिला उजेडाचे कोन समजावून सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग चुलीवर भाताचं भांडं चढवलं, माणसं जेवायची होती.

दादाला जी भीती होती ती खरी ठरली. वहिनी भांडली नाही, आजारी पडली नाही, तिने फक्त सांगणं सोडलं. शेजारची बाई लेकरू घेऊन आली, त्याला काय देऊ म्हणाली, की वहिनी म्हणायची, मला नको विचारू. मुलीचा सासरहून निरोप यायचा, आई, हे कसं करायचं, तर म्हणायची, तुला बरं वाटेल ते कर. हळूहळू लोक यायचे थांबले. ज्या घरात दिवसभर बायकांचा राबता असायचा तिथे दुपारी नुसता हातपंपाचा आवाज यायचा. एकदा दादा मला म्हणाला, मंदाचे डोळे वाचले ते बरंच झालं, पण त्यापायी ही गेली. मी म्हटलं, ती आहे की घरात. तो म्हणाला, तुला नाही कळायचं, मला आवाजावरून माणूस कळतो.

दोनेक वर्षांनी, भात कापणीच्या दिवसांत, वहिनी गेली. साधा ताप आला, अंगावर काढला. कुणाला सांगितलंच नाही.

मी पोचलो तेव्हा तिला पुढच्या खोलीत निजवलं होतं, उशाशी दिवा लावला होता. मुली आणि मंदा पायांशी बसून रडत होत्या. दादा भिंतीला टेकून तिच्या बाजूला बसलेला, चष्मा काढून ठेवलेला, नजर दिव्यावर. माणसं येत होती, पाया पडत होती, त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती, तो दिव्यावरून नजर काढत नव्हता. आमची एक लांबची आत्या, तिला डोळ्यांचं ठाऊक नसावं, दुसरीच्या कानात म्हणाली, आयुष्यभर दाराकडं बगितलं, आता तरी एकदा बायकोच्या तोंडाकडं बगावं म्हाताऱ्यानं. मला ते ऐकू आलं तसं दादालाही आलं असणार. मी तिच्याकडे वळून काहीतरी बोलणार होतो.

"जनू," दादा म्हणाला, "दिवा जरा पलीकडं सरकव."

मला वाटलं धूर होतोय. मी दिवा थोडा सरकवला.

"अजून."

मग मला कळलं. मी दिवा उचलला, वीतभर आणखी लांब ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत बघत हळूहळू सरकवत नेला.

"हां," तो म्हणाला. "आता दिसते."

तिला उचलेपर्यंत तो दिव्याकडे बघत राहिला.